पाऊणकी, घटिका आणि संगणकाचा तक्ता
(मांडवी, रत्नागिरी येथे प्राथमिक शिक्षकांपुढे झालेले भाषण)



मांडवीच्या किनाऱ्यावर वाढणाऱ्या मुलास काळाचे पहिले भान घड्याळ देत नाही. ते भरती-ओहोटी देते. पाणी केव्हा चढेल आणि केव्हा उतरेल, ह्याचा विचार त्याच्या वाडीत नित्य चालतो. कोकणपट्टीत ह्यासाठी एक जुना आडाखा रूढ आहे. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. येणारी संख्या ही पूर्ण भरतीची अंदाजी वेळ समजावी. चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास भरती. पौर्णिमेस अथवा अमावास्येस पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा.

पंचमीस काय होईल? पूर्वीच्या मराठी शाळेत पावकी, निमकी आणि पाऊणकी तोंडपाठ असे. त्या शाळेतील मूल तत्काळ 'पावणेचार' असे उत्तर देई, आणि तीच घड्याळातील वेळ असे. आजचे मूल संगणकावरील तक्त्यात, म्हणजे स्प्रेडशीटमध्ये, ५ गुणिले ०.७५ असे सूत्र घालते आणि ३.७५ हे उत्तर मिळविते. उत्तर अचूक आहे. परंतु मूल ते 'तीन वाजून पंचाहत्तर मिनिटे' असे वाचते, त्यातील साठ मिनिटांचा तास करते आणि सव्वाचार सांगून मोकळे होते. गणित बरोबर, वाचन चूक, आणि अंतर अर्ध्या तासाचे!

हे अंतर क्षुल्लक मानू नये. भरतीनंतर साधारणतः सहा तास बारा मिनिटांनी ओहोटी पूर्ण होते. पावणेचारची भरती असेल, तर पाणी ९ वाजून ५७ मिनिटांच्या सुमारास फिरते. सव्वाचार धरणारा मनुष्य ते १० वाजून २७ मिनिटांपर्यंत उतरतच राहील असे मानील. तिसऱ्या वेचण्यासाठी अथवा कालवे काढण्यासाठी खडकावर गेलेल्या माणसाच्या पाठीमागे तोवर अर्धा तास पाणी चढत आलेले असेल. भरतीच्या मधल्या दोन तासांत तर एकूण चढावाचे सुमारे निम्मे पाणी वाढते. सबब दशांशचिन्हापुढील अंक म्हणजे मिनिटे नव्हेत, हा धडा किनाऱ्यावरील शाळेत विशेष आग्रहाने शिकविला पाहिजे.

आडाख्याचे मूळ समजावून दिल्यास धडा पक्का होईल. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी होते. आकाशाचे ३६० अंश २४ तासांत फिरतात. म्हणून १२ अंशांस ४८ मिनिटे लागतात. भरती दर तिथीस तितकीच मागे पडते. जुन्या मापाने हे दोन घटिका, म्हणजे एक मुहूर्त, होते. तोंडी हिशेबास सोपे म्हणून ४८ मिनिटांऐवजी पाऊण तास धरण्यात येतो.

येथे जुन्या कोष्टकाची उजळणी उपयोगी पडते. अहोरात्राच्या ६० घटिका, घटिकेची ६० पळे, पळाची ६० विपळे. एक घटिका २४ मिनिटांची, एक पळ २४ सेकंदांचे. अडीच घटिकांचा एक तास आणि साडेसात घटिकांचा एक प्रहर. तासांच्या घटिका करावयाच्या तर अडीचकी म्हणावी, इतकी ही रीत सोपी आहे. पंचांगात १५ घटी २० पळे असे लिहिले असेल, तर १५ घटींची ३६० मिनिटे आणि २० पळांची ८ मिनिटे, म्हणजे एकूण ६ तास ८ मिनिटे होतात. ही गणना सूर्योदयापासून असते. सूर्योदय साडेसहास असेल, तर घड्याळात १२ वाजून ३८ मिनिटे झालेली असतील.

आता संगणकाच्या तक्त्याकडे वळावे. त्याच्या पोटात तास वा मिनिटे नसतात. तेथे एक पूर्ण दिवस म्हणजे १ असतो. मध्यान्ह ०.५ आणि सकाळचे सहा ०.२५. पंचांगकर्त्याने अहोरात्र एक धरून त्याचे साठ भाग केले. यंत्रानेही दिवस एकच धरला. हे एक तत्त्व ध्यानी आले की सारी सूत्रे आपोआप सुचतात.

ए२ ह्या सेलमध्ये वेळ लिहिली असेल, तर तिला २४ ने गुणिल्यास तास, १४४० ने गुणिल्यास मिनिटे, ८६४०० ने गुणिल्यास सेकंद, ६० ने गुणिल्यास घटिका आणि ३६०० ने गुणिल्यास पळे मिळतात. उत्तराच्या सेलचे स्वरूप मात्र 'संख्या' असे ठेवावे. उलट, ३.७५ तासांची घड्याळी वेळ पाहिजे असेल, तर त्यास २४ ने भागावे आणि सेलचे स्वरूप 'वेळ' असे करावे. ३:४५ असे उत्तर दिसेल. सूत्राच्या आरंभी बरोबरचे चिन्ह द्यावे आणि सेलचे नाव इंग्रजी अक्षरांत लिहावे.

दोन सावधगिरी सांगणे अवश्य आहे. पहिली ही, की वेळ लिहिताना तास व मिनिटे ह्यांमध्ये विसर्गासारखी दोन टिंबे द्यावीत. ३.४५ असे एक टिंब दिल्यास यंत्र ती साधी संख्या समजते. दुसरी बेरजेची. दररोज साडेपाच तास याप्रमाणे पाच दिवसांचे अध्यापन २७ तास ३० मिनिटे होते. पण तक्ता पुष्कळदा ३:३० एवढेच दाखवितो. २४ तास पुरे होताच तो नवा दिवस मोजू लागतो. स्वरूप निवडताना तासाचे एच हे अक्षर चौकटी कंसात घातले, म्हणजे पूर्ण बेरीज दिसते.

वरच्या इयत्तांसाठी रत्नागिरीचेच एक उदाहरण घ्यावे. भारतीय प्रमाण वेळ १९०६ साली सुरू झाली. ती ८२ अंश ३० कला ह्या रेखांशाची आहे. रत्नागिरीचा रेखांश सुमारे ७३ अंश १८ कला. फरक ९ अंश १२ कला, आणि दर अंशास ४ मिनिटे. येथे ९.१२ ला चाराने गुणणारा विद्यार्थी चुकेल, कारण १२ कला म्हणजे अंशाचा पाचवा हिस्सा, संख्या ९.२ होय. गुणाकार ३६.८ मिनिटे येतो. त्यासही ३६ मिनिटे ८० सेकंद म्हणता येणार नाही. ती ३६ मिनिटे ४८ सेकंद होत. एकाच उदाहरणात तोच खड्डा दोनदा येतो, म्हणून ते फळ्यावर अवश्य सोडवून दाखवावे.

ह्या जिल्ह्याला कालगणनेची थोर परंपरा आहे. दापोली तालुक्यातील मुरूड गावी १८५३ साली जन्मलेले शंकर बाळकृष्ण दीक्षित हे व्यवसायाने शिक्षकच होते. भारतीय ज्योतिषशास्त्राचा त्यांनी लिहिलेला इतिहास १८९६ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी रॉबर्ट स्यूएल ह्यांच्यासह त्यांनी भारतीय तिथींच्या इंग्रजी तारखा काढण्याची कोष्टके इंग्रजीत प्रसिद्ध केली. त्यांच्यापाशी यंत्र नव्हते. कोणती संख्या कोणत्या मापाची, ह्याचा चोख विवेक होता.

वर्गात पुढील क्रम ठेवावा. प्रथम तिथीची पाऊणपट पाटीवर करवावी आणि उत्तर तोंडी, 'सव्वा', 'साडे', 'पावणे' ह्या शब्दांत म्हणवून घ्यावे. नंतर तेच तक्त्यात करवावे. शेवटी महिनाभर मुलांनी काढलेल्या वेळा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकांशी ताडून पाहाव्यात. आडाखा काही मिनिटांनी चुकेल. बंदरागणिक वेळ बदलते आणि वाराही पाण्याची उंची बदलतो. म्हणून पाण्यात उतरताना अधिकृत कोष्टकच प्रमाण मानावे, हेही मुलांना बजावावे. ज्या शाळेत संगणक नसेल, तेथे पाटी आणि पाऊणकी पुरेशी आहे. प्रत्येक उत्तरापुढे 'तास', 'मिनिटे' वा 'घटिका' हा शब्द लिहिल्याखेरीज ते उत्तर पुरे झाले असे कोणत्याही शिक्षकाने मानू नये.