पाण्याचं माप सगळ्यांसमोर



गोदावरीच्या समन्यायी पाणीवाटपाचा विषय निघाला की वर नाशिक-अहिल्यानगर आणि खाली मराठवाडा असे दोन तट पडतात. कायदा काय म्हणतो, न्यायालयानं काय सांगितलं, हे तुम्ही वर्षानुवर्षं ऐकत आलात. ते मी पुन्हा सांगत बसत नाही. माझी नोकरी पाटबंधारे खात्यात पाणी तपासण्यात गेली. किती सोडलं, किती पोचलं, हुकुमाप्रमाणे झालं की नाही, हे पाहायचं माझं काम. त्यातल्या एकाच गोष्टीवर मला आज बोलायचंय, आणि ती म्हणजे पाण्याचं माप.

2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात स्वच्छ लिहिलंय की ऑक्टोबरअखेर खोऱ्यातल्या सगळ्या धरणांमधल्या पाण्याची टक्केवारी जवळपास सारखी असावी. सरकारनं नेमलेल्या मेंढेगिरी समितीनं त्याचं कोष्टक बसवून दिलं, आणि प्राधिकरणानं 19 सप्टेंबर 2014 ला त्यावर आदेश काढला. खरिपाचा वापर धरून 15 ऑक्टोबरला खालच्या जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं, असं त्यात ठरलं. इतका नेमका नियम देशात फार थोड्या खोऱ्यांना असेल. पण टक्केवारी काढायची म्हणजे आधी साठा मोजला पाहिजे, खरिपाला किती वापरलं ते मोजलं पाहिजे, सोडलेलं मोजलं पाहिजे आणि पोचलेलंही मोजलं पाहिजे. या चारांतलं एक माप खोटं निघालं, तर बाकीचा नियम कितीही नेमका असो, वाटप चुकतंच.

2023 चं घ्या. वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायच्या 30 ऑक्टोबरच्या आदेशात आकडा होता 8.603 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. आता एक टीएमसी म्हणजे 11,574 क्युसेकचा प्रवाह अखंड चोवीस तास. म्हणजे दहा हजार क्युसेकनं सोडलं, तर हे पाणी जवळपास दहा दिवस चालतं. मधल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढायच्या, काठावरच्या कृषिपंपांची वीज बंद ठेवायची, बंदोबस्त लावायचा. हे सगळं होतं, दिसतं, वर्तमानपत्रात फोटो येतात. पण या प्रवाहाच्या मापात पाच टक्क्यांची चूक झाली, तर तेवढ्यातच सुमारे 1,200 कोटी लिटर पाण्याचा हिशोब इकडचा तिकडे होतो. मग वरचे म्हणतात आम्ही सोडलं, खालचे म्हणतात आम्हाला मिळालं नाही. दोघंही मनापासून बोलत असतात. भांडण पाण्याचं वाटतं, पण पुष्कळदा ते मापाचं असतं.

आता तुमच्या गावच्या दूध संकलन केंद्राकडे बघा. सकाळी रांगेत कितीजण असतात, कुणाची म्हैस, कुणाची गाय, कुणाचं दोन लिटर, कुणाचं वीस. तिथं रोज भांडणं होतात का? नाही. का नाही? कारण काट्यावरचा आकडा तुमच्या डोळ्यांसमोर येतो, फॅट तुमच्यासमोर लागते आणि चिठ्ठी लगेच हातात पडते. दहा दिवसांनी पगार झाला की चिठ्ठ्या जुळवून बघता येतात. केंद्रचालक म्हणाला, ‘काटा बंद आहे, तुमचं दूध अंदाजे आठ लिटर लिहितो,’ तर तुम्ही ऐकून घ्याल? कॅन उचलून घरी जाल. आणि त्या काट्यावर दरवर्षी वजनमापे खात्याचा शिक्का लागतो. केंद्र ज्याचं, शिक्का त्याचा नसतो, वेगळ्या खात्याचा असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी तिच्याकडे परत येणार आहे.

पाण्याचा काटा म्हणजे फ्ल्यूम. चारीच्या मुखाशी आपल्याकडे प्रवाह मोजायला तो बांधलेला असतो. त्यातल्या पट्टीवर पाण्याची उंची वाचायची, तक्त्यात बघायचं आणि क्युसेक लिहायचे. सोपं आहे, पण फसवं आहे. पातळी दहा टक्क्यांनी चुकली की प्रवाह दहा टक्क्यांनी नाही, पंधरा टक्क्यांनी चुकतो. त्याहून वाईट म्हणजे फ्ल्यूमच्या खालच्या अंगाला गवत माजलं, गाळ साचला, की पाणी तुंबतं आणि पट्टीवर उंची वाढते. प्रवाह आहे तेवढाच, उलट कमीच, पण वहीत जास्त लिहिला जातो. म्हणजे चारी जितकी घाण, तितकं कागदावर पाणी जास्त. शेवटच्या शेतकऱ्यानं तक्रार केली की वही उघडून दाखवतात, ‘हे बघा, तुमच्या चारीला पूर्ण पाणी दिलंय.’ त्या वहीत लिहिणाऱ्यानं खोटं लिहिलेलं नसतं. त्यानं पट्टीवर जे दिसलं तेच लिहिलं. तपासणीचं काम म्हणजे नुसतं वही तपासणं नव्हे, ते मी याचसाठी सांगतो. फ्ल्यूमपाशी उतरायचं, खालचा गाळ बघायचा, प्रवाहमापक यंत्र लावून पट्टीचा आकडा पडताळायचा. हे ऑफिसात बसून होत नाही.

आता त्या शिक्क्याकडे परत येतो. दुधाच्या काट्यावर वेगळ्या खात्याचा शिक्का असतो. फ्ल्यूमवर कुणाचा असतो? दार उघडणारा, पट्टी वाचणारा आणि अहवाल लिहिणारा एकाच साखळीतला असेल, तर तो कितीही प्रामाणिक असो, खालच्याचा विश्वास बसत नाही. आणि विश्वास नसेल तर आदेश पाळला गेला, हे सिद्ध कुणापुढे करणार? हुकूम वरच्या कार्यालयात निघतो, पण तो पाळला गेला की नाही, हे चारीच्या मुखाशीच कळतं. तिथं उभा राहणारा मोजणीदार, कालवा निरीक्षक, पाटकरी ही माणसं कमी होत चाललीत. एकाकडे इतक्या चाऱ्या आल्या, की तो रोज पट्टी वाचणार कशी? जागा भरा, ही मागणी मला पुन्हा पुन्हा करावीशी वाटते, आणि आजही करतो. धरणाचं दार स्वयंचलित करा, जरूर करा. पण पट्टीखालचा गाळ काढायला आणि आकडा तपासायला माणूस लागतोच.

पाणी सगळ्यांसमोर मोजून देणं जमतं, हे वाघाडनं दाखवलंय. दिंडोरी तालुक्यातला हा प्रकल्प. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना जोडून घेऊन तिथं पाणी वापर संस्था उभ्या केल्या. सुरुवात कुठून केली? कालव्याच्या शेवटाकडून, जिथं पाणीच पोचत नव्हतं तिथून. संस्थेला पाणी घनमापनानं, म्हणजे मोजून मिळू लागलं, आणि मोजून मिळालं म्हणून लोक जपून वापरू लागले, पाणीपट्टीही भरू लागले. 2005 चाच दुसरा कायदा, शेतकऱ्यांकडून सिंचनाच्या व्यवस्थापनाचा, हेच सांगतो. कायदा आपल्याकडे आहे, उदाहरणही आहे.

आणि आता थोडं तुम्हाला. रागावू नका. आवर्तन सुटलं की तुम्ही विचारता, धरणात किती टक्के? जायकवाडी किती भरली? चारीच्या पट्टीवर आज किती, हे कुणी विचारत नाही. आमदारांकडे शिष्टमंडळ जातं, पण चौकीवर वही बघायला कुणी जात नाही. दुधाची चिठ्ठी घेतल्याशिवाय जो माणूस केंद्रावरून हलत नाही, तोच पाण्याच्या बाबतीत ‘अंदाजे’ चालवून घेतो. असं करू नका. या रब्बीला पहिलं आवर्तन सुटेल तेव्हा चारीच्या मुखाशी एक फळा लावायला सांगा. रोज सकाळी आणि संध्याकाळी पट्टीवरचा आकडा, क्युसेक आणि वाचणाऱ्याची सही, एवढंच त्यावर असू द्या. संस्थेचा एक माणूस वाचताना हजर ठेवा. आणि त्याआधी फ्ल्यूमखालचं गवत काढून घ्या, नाहीतर फळ्यावरचा आकडाही खोटाच बोलेल.

बाष्पीभवनाच्या मापाबद्दलही बोलायचं होतं. शंभर चौरस किलोमीटरच्या पाण्यावरून एक सेंटिमीटरचा थर गेला, तरी एक दशलक्ष घनमीटर पाणी जातं. जायकवाडीच्या नाथसागरासारख्या उथळ जलाशयात उन्हाळ्यात ते कसं धरायचं, आणि नदीकाठच्या उपशाचे पंप मीटरवर कसे आणायचे, हे मोठे विषय आहेत, पण वेळ संपत आलाय. ते पुन्हा कधीतरी. आज एवढंच लक्षात ठेवा की माप लावल्याशिवाय वाटप होत नाही, आणि माप सगळ्यांसमोर असल्याशिवाय ते कुणाला पटत नाही. फळा लावून घ्या.