पॉल बर्नच्या मृत्यूचे कोडे

हॉलिवुडमध्ये इतरांच्या कथा जुळवण्यात आयुष्य घालवलेल्या पॉल बर्नची स्वतःची अखेर मात्र उलगडली नाही. मेट्रो-गोल्डविन-मेयर या चित्रसंस्थेतील हा अधिकारी ४२ वर्षांचा, मृदू स्वभावाचा. पत्नी जीन हार्लो २१ वर्षांची, आणि नामांकित नटी. १९३२ च्या जुलैमध्ये त्यांचा विवाह झाला. ५ सप्टेंबरला बर्न राहत्या घरी, मस्तकात गोळी लागून मरण पावलेला आढळला. हार्लो आदल्या रात्री आईच्या घरी होती.

पोलिसांना वर्दी मिळण्यापूर्वीच चित्रसंस्थेची बडी मंडळी घरात वावरून गेली होती. सारा घोटाळा येथेच झाला. पत्नीची क्षमा मागणारी एक त्रोटक चिठ्ठी सापडली, आणि चौकशीअंती आत्महत्येचा निर्णय झाला. कारण मात्र अज्ञातच राहिले.

मग डोरोथी मिलेटचे नाव पुढे आले. पूर्वी ती बर्नची पत्नी म्हणून राहिली होती, आणि तिचा खर्च तो पुढेही चालवीत असे. मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी ती सॅन फ्रान्सिस्कोहून बोटीत बसली आणि नाहीशी झाली. काही दिवसांनी सॅक्रामेंटो नदीत तिचे प्रेत मिळाले.

१९६० मध्ये सरकारी वकिलाने जुने कागद पुन्हा चाळले; निष्पन्न काही झाले नाही. मिलेटनेच गोळी झाडली आणि चित्रसंस्थेने आत्महत्येचा देखावा उभा केला, असे त्याच संस्थेत काम केलेल्या सॅम्युअल मार्क्सने १९९० मध्ये लिहिले. तर्क पटण्याजोगा आहे. पण साक्षीदार कोण उरले होते? हार्लोने या प्रकरणी जाहीरपणे मौनच पाळले. १९३७ च्या जूनमध्ये, २६ व्या वर्षी, ती मूत्रपिंडाच्या विकाराने वारली.