चष्म्याची किंमत आणि तपासणीचे मोल



ऑप्टोमेट्रीची पदवी घेतलेल्या मुलामुलींविषयी कामगार चळवळीतल्या माणसाने काय बोलावे, असे काहींना वाटेल. आमचा संबंध साधा आहे. साच्यावर तुटलेली तार सांधायची, सुईत दोरा ओवायचा, दागिन्याला डाग द्यायचा, ही सारी कामे डोळ्यांवर चालतात. आणि चाळिशी कोणाला चुकलेली नाही. त्या वयात हात शाबूत असतो, अनुभव वाढलेला असतो, मजुरी मात्र उतरू लागते.

हा केवळ आमचा तर्क नव्हे. आसामातील चहामळ्यांत चाळिशी गाठलेल्या 751 मजुरांवर एक प्रयोग झाला. त्याचा अहवाल 2018 साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आला. काहींना जवळचे पाहण्याचा चष्मा लगेच दिला, बाकीच्यांना प्रयोग संपल्यावर. चष्मेवाल्यांची खुडणी इतरांहून सुमारे 22 टक्क्यांनी अधिक वाढली. पन्नाशीपुढच्यांत हा फरक 32 टक्क्यांच्या घरात गेला. त्यातले मजुराच्या पदरात किती पडले, हे आम्ही विचारणारच, पण तो वेगळा झगडा.

तो नंबर काढतो कोण? ऑप्टोमेट्रीचे शिक्षण चार वर्षांचे. मद्रासला 1985 साली शंकर नेत्रालयाने त्यासाठी एलिट स्कूल काढले. नंबर काढणे हा त्या विद्येचा लहानसा भाग. काचबिंदूची शंका येताच रोग्याला नेत्रवैद्याकडे धाडणे, मुलाचा आळशी डोळा वेळीच ओळखणे, ज्याला चष्म्यानेही पुरेसे दिसत नाही त्याला वाचायला साधन देणे, हेही त्यांचेच काम.

या विद्येतून निघालेली माणसे किती दूरवर गेली पाहा. ऑस्ट्रेलियाचे ब्रायन होल्डन संशोधनाकडे वळले. डोळ्यावर बसवायच्या भिंगातून बुबुळाला प्राणवायू किती मिळाला पाहिजे, याचा त्यांनी छडा लावला. दक्षिण आफ्रिकेचे कोविन नायडू वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यात तुरुंगात गेले, आणि पुढे गरिबांच्या दृष्टीचा प्रश्न घेऊन त्यांनी आफ्रिकेत संस्था उभी केली. मोझांबिकमध्ये नांपुला येथील लुरियो विद्यापीठात 2009 साली त्या देशातला ऑप्टोमेट्रीचा पहिला पदवी अभ्यासक्रम निघाला, त्यात या संस्थेचा हात होता. तुरुंगातून आलेला माणूस डोळे तपासण्याची शाळा काढायला मदत करतो, हे आम्हांला फार जवळचे वाटते.

आणि आपल्याकडे? पदवी घेतलेली कितीतरी मुले चष्म्याच्या दुकानात उभी आहेत. आमच्याकडे आलेल्या काहींनी सांगितले की, पगार तुटपुंजा, आणि वरची रक्कम महाग फ्रेमी किती खपवल्या त्यावर. तपासणी फुकट म्हणून पाटी! जी गोष्ट फुकट, तिला दहा मिनिटे कोण देणार?

हे भांडण जुने आहे. न्यूयॉर्कचे चार्ल्स प्रेंटिस तपासणीचे तीन डॉलर घेत. 1892 साली डॉ. नॉइस या नामांकित नेत्रवैद्यांनी त्यांना पत्र लिहून हरकत घेतली की, भिंगाचे दाम घ्या, पण सल्ल्याची फी घेऊ नका. प्रेंटिस हटले नाहीत. त्यांनी कायद्याची मागणी लावून धरली. 1901 साली मिनेसोटा राज्यात पहिला कायदा झाला, न्यूयॉर्कला 1908 साली. आपल्या संसदेने 2021 साली आरोग्यसेवेतील संलग्न व्यवसायांचा कायदा केला, त्यात ऑप्टोमेट्रिस्टचे नाव आहे आणि नोंदणीची तरतूदही आहे. कायद्यात नाव येणे आणि पगारात ते दिसणे, यांतले अंतर चळवळीतल्या माणसाला सांगावे लागत नाही.

म्हणून इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागवाल्यांपुढे आमची मागणी अशी: पाळी बदलताना कारखान्यातच तपासणी व्हावी, तपासणाऱ्याला दिवसाचा मेहनताना मालकाने द्यावा, फ्रेमीवर दलाली नको, आणि नंबराची चिठ्ठी कामगाराच्या हाती पडावी. चष्मा तो हव्या त्या दुकानातून घेईल.