लेण्यांच्या दगडावरील क्षार



वाळवे अथवा मिरज तालुक्यातील कृष्णाकाठच्या गावी ज्यांनी शाळा चालविली आहे, त्यांना क्षारपड जमीन नवी नाही. उसाला वारेमाप पाणी दिले जाते, निचरा होत नाही. क्षार पाण्याबरोबर वर येतो, पाणी उन्हाने उडून जाते आणि रान पांढरे पडते. शाळेच्या जुन्या भिंतीला पायाजवळ लोणा लागतो, तो याच रीतीने. रान चर खणून सुधारता येते, भिंतीचा गिलावा नव्याने करता येतो. परंतु हाच क्षार प्राचीन चित्राच्या दगडात शिरला, तर गेलेले परत मिळत नाही.

इंडोनेशियातील सुलावेसी बेटावर चुनखडीच्या गुहांत रंगविलेले एका रानडुकराचे चित्र निदान ४५,५०० वर्षांपूर्वीचे आहे. त्या भागातील ११ चित्रस्थळांवरील दगडाच्या तपासणीचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. दगडात जिप्सम व आपल्या जेवणातले मीठ आढळले. तीन ठिकाणी तर ते सुटत्या पापुद्र्यांच्या मागेच होते. म्हणजे रंग पुसला जात नाही, रंग धरून ठेवणारा दगडच गळून पडतो. क्षाराचे पाणी दगडाच्या रंध्रांत शिरते. ते वाळले की स्फटिक वाढतात व आतून दाब देतात. ओलावा आणि उन्हाळा यांचे फेरे जितके अधिक, तितका हा घाव खोल.

क्षार कोणता, हे डोळ्यांना कळत नाही. रसायनज्ञ गळालेली कपची शुद्ध पाण्यात भिजवून ते पाणी गाळतो. त्यात किंचित नत्राम्ल व सिल्व्हर नायट्रेट टाकता पांढरा साका बसला, तर क्लोराइड. आम्लयुक्त बेरियम क्लोराइडने बसला, तर सल्फेट. सल्फेट निघाले तर डागडुजीच्या सिमेंटवर संशय जातो, नायट्रेट निघाले तर वटवाघळांच्या विष्ठेवर. उपाय कारणानुसार ठरतो. शुद्ध पाण्यात भिजविलेला कागदाचा लगदा दगडावर बसवून क्षार शोषून घेतात. पण तेही तज्ज्ञाचेच काम.

अजिंठ्याचा दाखला येथे बोलका आहे. १९२० ते १९२२ या काळात इटालियन तज्ज्ञांनी तेथील चित्रांच्या रक्षणार्थ लाखेचे रोगण वापरले. हेतू चांगला होता; पण रोगण पिवळे पडले, मूळ रंग झाकोळले, आणि ते उतरविण्याचे कष्ट पुढील पिढ्यांतील रसायनज्ञांच्या वाट्याला आले.

कऱ्हाडजवळची आगाशिवाची लेणी व मिरजेकडील दंडोबा येथे शाळांच्या सहली जातात. तेथील दगड चुनखडीचा नव्हे, काळा पाषाण आहे. तरी पाणी झिरपणे व वाळणे त्यालाही चुकत नाही. भिंतीवर पांढरा थर दिसला, तर तो खरवडू नये, पाण्याने धुऊ नये, त्यावर चुना अगर तेल लावू नये. स्वच्छतेचा उत्साह स्तुत्य खरा, पण लेणे म्हणजे शाळेचा ओटा नव्हे. जागा, दिनांक व थराचे वर्णन वहीत टिपून पुरातत्त्व खात्यास कळवावे.

सहलीपूर्वी वर्गात एक प्रयोग करावा. कमी भाजलेल्या विटेचा तुकडा मिठाच्या दाट पाण्यात बशीत उभा ठेवावा. पाणी आटले की पुन्हा घालावे. विटेच्या वरच्या अंगास पांढरे तंतू फुटू लागतील आणि पुढे कडा भुरभुरू लागेल. रोजची नोंद चौथीच्या मुलांकडे सोपवावी.