भिंगारची गेलेली पालिका



तुमच्या नॉर्वेतल्या फिन्नोय बेटाची पालिका 1 जानेवारी 2020 रोजी संपली. शेजारच्या रेनेसोयचीही त्याच दिवशी संपली आणि दोन्ही बेटे स्टॅव्हंगर शहराच्या कारभाराखाली गेली. या देशाला हे नवे नाही. 1837 च्या कायद्याने इथल्या गावांना आपला कारभार आपण निवडलेल्या माणसांकडून चालवण्याचा हक्क मिळाला. पुढे 1960 च्या दशकात सातशेहून जास्त पालिका एकत्र करत करत साडेचारशेवर आणल्या गेल्या. मला आज आमच्या नगरजवळच्या भिंगारबद्दल बोलायचे आहे. त्याच्याभोवती पाणी नाही, तरी कारभाराच्या नकाशावर ते बेटच आहे. नगर महापालिकेला ते खेटून आहे, पण तिच्या हद्दीत नाही.

भिंगार नगर शहराहून जुने. 28 मे 1490 रोजी मलिक अहमदने बहमनी सरदार जहांगीर खानाचा पराभव केला, तो भिंगारजवळ. त्या विजयानंतर त्याने तिथे बाग उभारली आणि सीनेच्या काठी शहर वसवले. ज्या गावाच्या शेजारी हे सगळे घडले, त्याचे नाव मात्र मागे पडले. 12 ऑगस्ट 1803 रोजी आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी तिथे कायमची छावणी ठेवली आणि भिंगार तिच्या सावलीत आले.

नगरची नगरपालिका 1854 ची. सुरुवातीला तिथे सरकारने नेमलेली माणसे बसत आणि कलेक्टरचा शब्द चाले. 1882 मध्ये लॉर्ड रिपनचा ठराव आला, त्यानंतर निवडून आलेल्या सभासदांना हळूहळू जागा मिळाली. फारसे कुणाच्या लक्षात नसते ते असे, की त्या काळात नगर जिल्ह्यात नगर आणि संगमनेरखेरीज आणखी तीन गावांना पालिका होत्या: वांबोरी, खर्डा आणि भिंगार. खर्ड्याची पेठ मोठी होती, वांबोरीचा बाजार नावाजलेला होता. आज या दोन्ही ठिकाणी ग्रामपंचायत आहे. पालिकेचा दर्जा गेला, तरी तिथल्या माणसाने मत द्यायचे आणि सरपंचाच्या दारात जाऊन भांडायचे, हा हक्क शाबूत राहिला. भिंगारचे तसे झाले नाही. तिथली पालिका संपली आणि कॅन्टोन्मेंट बोर्ड उरले.

बोर्डाचा कारभार 1924 च्या कायद्याने चाले, आता 2006 च्या कायद्याने चालतो. कायद्याप्रमाणे लष्कराचा स्टेशन कमांडर पदसिद्ध अध्यक्ष, संरक्षण खात्याचा मुख्य कार्यकारी अधिकारी, आणि त्यांच्याबरोबर वॉर्डांतून निवडून आलेले सदस्य. उपाध्यक्ष या निवडून आलेल्यांमधला. 2006 च्या कायद्याने निवडून आलेल्या आणि नेमलेल्या सदस्यांची संख्या सारखी केली, ही मोठी सुधारणा होती. दिवाबत्ती, नळ, कचरा, शाळा, दवाखाना हे सगळे या बोर्डाकडे. लष्कराने ते वाईट चालवले असे मी म्हणणार नाही. छावणीतले रस्ते आणि झाडी पाहिली की नगरकराला हेवा वाटतो. पण बंगल्यांच्या छावणीसाठी केलेले नियम बाजारपेठेतल्या दाटीच्या घरांना लागू झाले. जुन्या घरावर मजला चढवायचा, तर परवानगीची वाट लांब. जमिनीची मालकी बऱ्याच ठिकाणी संरक्षण खात्याकडे, म्हणून बँकेचे कर्जही अवघड.

देशभरातल्या बोर्डांच्या निवडणुका 2015 च्या जानेवारीत झाल्या, त्यानंतर झाल्याच नाहीत. मुदतवाढी संपल्या आणि 2021 पासून निवडलेल्या सदस्यांच्या जागी एक नेमलेला नागरी सदस्य आला. 30 एप्रिल 2023 ला निवडणूक जाहीर झाली होती, तीही मार्चमध्ये रद्द झाली. त्याच वर्षी हिमाचलातल्या खास योलची छावणी मोडून नागरी वस्ती स्थानिक कारभाराकडे द्यायला सुरुवात झाली, आणि इतर छावण्यांसाठीही हेच धोरण ठरले. म्हणजे भिंगारला पुन्हा एकदा आपली संस्था सोडून दुसरीकडे जायचे आहे.

मी विलीनीकरणाच्या विरोधात नाही. भिंगारच्या माणसाचे दुकान नगरात, कॉलेज नगरात, मग कारभार वेगळा ठेवण्यात त्याचे फारसे भले नाही. माझा आग्रह वेगळा आहे. 30 जून 2003 रोजी नगरपालिकेची महापालिका झाली. केडगाव, नागापूर, बोल्हेगाव ही गावेही शहराच्या कारभारात आली. आपल्या ग्रामपंचायतीतला ओळखीचा सदस्य जाऊन मोठ्या वॉर्डातला नगरसेवक आला, तेव्हा तिथल्या लोकांना पाण्याच्या टाकीपासून रस्त्यापर्यंत नव्याने रांगेत उभे राहावे लागले. भिंगारवर तीच पाळी येऊ नये. त्यातच 2022 च्या मार्चमध्ये जिल्हा परिषदेवर आणि 2023 च्या डिसेंबरमध्ये महापालिकेवरही प्रशासक आले होते. लष्करी अध्यक्षाकडून सुटून प्रशासकाच्या हाती जाणे याला मी स्वराज्य म्हणत नाही. वर्षानुवर्षे निवडणूक न होणे हे आपण फार निमूटपणे सोसतो, याचे मला मनापासून दुःख होते.

जिल्ह्यातच दुसरे उदाहरण आहे. हिवरेबाजारात 1989 पासून पोपटराव पवारांच्या पुढाकाराने ग्रामसभेने पाण्याचा हिशोब मांडला, पिकांसाठी बोअरवेल घ्यायच्या नाहीत असे ठरवले, आणि जेमतेम चारशे मिलिमीटर पावसाच्या गावाने ते पाळले. ठरवणारे आणि पाळणारे लोक तेच होते, म्हणून ते जमले. भिंगारच्या विलीनीकरणाचा आदेश निघेल तेव्हा त्यात भिंगारचे स्वतंत्र वॉर्ड असावेत, पाण्याचा वाटा लिहिलेला असावा, घरांच्या जमिनीचा हक्क स्पष्ट व्हावा आणि पहिली निवडणूक कधी त्याची तारीख असावी. फिन्नोयचे नाव आजही स्टॅव्हंगरच्या एका विभागाला आहे, भिंगारचेही तसे राहावे.

तुमच्यापैकी काहींची घरे भिंगारात आहेत, हे मघाशी चहाच्या वेळी कळले. तिथल्या घरपट्टीच्या जुन्या पावत्या, भाडेपट्टे, आजोबांच्या नावचे परवाने पेटीत पडले असतील, तर या सुटीत गेलात की त्यांच्या प्रती काढून आणा. मालकी हक्क तपासले जातील तेव्हा ते कागद लागतील.