आकडा नेमका कुणाचा?



‘तू नेमकं काम काय करतेस?’ असे सकाळपासून बऱ्याच जणांनी विचारले. मी सॉफ्टवेअर लिहिते, पातळ थराचे काठिण्य मोजणाऱ्या यंत्रासाठी.

हिंगणघाटच्या हार्डवेअरच्या दुकानात सोनेरी रंगाचे ड्रिल बिट तुम्ही पाहिले असतील. तो थर बहुधा टायटॅनियम नायट्राइडचा असतो. जाडी दोन-चार मायक्रॉन. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. अशा थरावर हिऱ्याचे तीन बाजूंचे अणकुचीदार टोक हळूहळू दाबतात आणि मग दाब काढून घेतात. जोर किती लावला आणि टोक किती खोल गेले, याची यंत्र सतत नोंद ठेवते. खूण इतकी बारीक असते की साध्या सूक्ष्मदर्शकाने ती मोजता येत नाही. म्हणून ऑलिव्हर आणि फार यांनी १९९२ मध्ये मांडलेली पद्धत वापरतात. दाब काढताना मिळणाऱ्या आलेखाच्या सुरुवातीच्या उतारावरून खुणेचे क्षेत्रफळ काढायचे. सर्वाधिक जोराला त्या क्षेत्रफळाने भागले की काठिण्य मिळते.

यात एक पथ्य आहे. टोक थराच्या जाडीच्या साधारण एक दशांशाहून खोल जाऊ द्यायचे नाही. ते गेले की खालच्या धातूचा गुण आकड्यात मिसळू लागतो. कठीण थर मऊ पायावर असेल, तर तो आहे त्यापेक्षा मऊ दिसतो. यंत्र बिघडलेले नसते. आकडा मात्र एकट्या थराचा राहत नाही.

सर, बाई, हे शिकताना मला आपला दहावीचा वर्ग आठवला. कापूस वेचणीच्या दिवसांत काही मैत्रिणी आठवडेच्या आठवडे शाळेत दिसत नसत. निकालात गुण कमी आले आणि गावाने त्यांना ‘अभ्यासात कच्च्या’ ठरवले. त्या गुणपत्रिकेत त्यांच्या बुद्धीपेक्षा घरची परिस्थितीच जास्त उतरली होती. काहींचे शिक्षण तिथेच थांबले. त्यातल्या दोघी आज इथे बसल्या आहेत. त्यांच्या परवानगीनेच हे बोलते आहे.

आजही शाळेत अशा मुली आहेत. डिसेंबरपासून परीक्षेपर्यंत दर रविवारी त्यांचे बुडलेले गणित मी व्हिडिओ कॉलवर घेईन. वर्गात त्यांच्याजवळ बसायला गावातली दोन माणसे हवीत. ज्यांना जमेल त्यांनी जेवणाआधी मला नाव द्यावे.