डोळ्यांतील पांढरा कोंडा
(धर्मग्रामाच्या महोत्सवी सभेंत दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं रोगाची गोष्ट काढावी हें कांहींसें विजोड आहे. परंतु या सभेंत साठी उलटलेलीं माणसें पुष्कळ दिसतात आणि माझा विषय त्यांचाच आहे.

डोळ्यांतील पाण्याचा निचरा अडला कीं दाब वाढतो, दृष्टीची शीर वाळूं लागते, व गेलेली नजर परत येत नाहीं, हा काचबिंदू. त्याच्या एका मोठ्या प्रकारांत निचऱ्याचा कोन उघडा असूनहि पाणी तुंबतें. तें कां, याचीं जीं कारणें ओळखतां येतात त्यांत जगभर अग्रस्थानीं आहे स्यूडोएक्सफोलिएशन. नांव अवघड, वस्तु साधी. वय वाढतें तसा कित्येकांच्या डोळ्यांत केसांतल्या कोंड्यासारखा पांढरा पदार्थ जमतो. तो भिंगावर व बाहुलीच्या कडेस बसतो आणि निचऱ्याच्या जाळींत अडकतो. फिनलंडमध्यें लिंडबर्ग यांनीं १९१७ सालीं त्याचें वर्णन केलें, आणि पुष्कळ काळ हा उत्तरेकडील थंड देशांचा विकार मानला गेला.

तसें नाहीं. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयानें तमिळनाडूच्या दक्षिण जिल्ह्यांत चाळिशीपुढील ५,१५० माणसें तपासलीं. शेंकडा ६ जणांत तो निघाला. आपल्या नागपुराजवळच्या खेड्यांत २००६ ते २००८ या काळांत ४,७११ जणांची तपासणी झाली. तेथें प्रमाण सुमारें दीड टक्का. मात्र तेथें तिशीपासूनचे लोक घेतले होते, व तरुणांत हा विकार क्वचितच. तेव्हां दोन्ही आंकडे सरळ ताडून पाहूं नयेत.

मग तो आढळत कां नाहीं? अंधेरी-बोरिवलीस स्टेशनाबाहेर चष्म्याचीं दुकानें पावलोपावलीं आहेत, पण नंबर काढून कोंडा दिसत नाहीं. आधीं कोन अरुंद नाहीं ना, हें पाहून बाहुली मोठी करणारे थेंब घालावे लागतात, मग स्लिट लॅम्पनें भिंग न्याहाळावें लागतें. केवळ दाब मोजूनहि भागत नाहीं. हैदराबादेंतील एका पाहणींत उघड्या कोनाचा काचबिंदू असलेले २७ जण सांपडले. पैकीं फक्त दोघांस तो पूर्वीं ठाऊक होता, आणि दोन-तृतीयांशांचा दाब तपासतेवेळीं नेहमीच्या मर्यादेंतच होता.

एक वृद्ध गृहस्थ मला म्हणाले, “डॉक्टर, थेंब नकोत, धूसर नजरेनें गर्दीची गाडी कशी पकडूं?” मीं ऐकलें. दोन वर्षांनीं ते मोतीबिंदूसाठीं आले, तेव्हां कोंडा स्पष्ट होता आणि एका डोळ्याची बाजूची नजर गेली होती. चूक माझी होती. मीं त्यांस दुसऱ्या दिवशीं मुलास घेऊन बोलवावयास हवें होतें.

मोतीबिंदू काढणाऱ्यासहि हें आधीं कळलेलें बरें, कारण या विकारांत भिंगास धरून ठेवणारे तंतू कमकुवत होतात व बाहुली पुरती उघडत नाहीं. शिवाय भिंग बदललें तरी विकार जात नाहीं. दाब पाहात राहावा लागतो.

सभा संपल्यावर मी मागील बांकांपाशीं थांबणार आहें. ज्यांचे जुने कागद घरीं असतील, त्यांनीं पुढील रविवारीं घेऊन यावे.